यान कोठे उतरेल? कॅथरीन जॉन्सन यांचे गणित

कॉम्प्युटर म्हणजे यंत्र, हे आज तुम्हाला सांगावे लागत नाही. पण १९५३ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टन येथील लँग्ली प्रयोगशाळेत 'कॉम्प्युटर' हे एका नोकरीचे नाव होते, आणि ती नोकरी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. विमानांच्या चाचण्यांत उपकरणांनी नोंदलेले आकडे त्यांच्या टेबलावर येत. त्यांची आकडेमोड करायची, आलेख काढायचे आणि कागद अभियंत्यांकडे परत धाडायचे, हे त्यांचे काम. त्या वर्षी तेथे रुजू झालेल्या एका गणकाचे नाव कॅथरीन. वय ३४, तीन मुलींची आई, पूर्वी शाळेत शिक्षिका.

कॅथरीनचा जन्म २६ ऑगस्ट १९१८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या गावी झाला. तिच्या भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे शाळाच नव्हती. मुलांना शिकवायचेच, असे ठरवून आईवडिलांनी त्यांची राहण्याची सोय सुमारे २०० किलोमीटर दूर इन्स्टिट्यूट नावाच्या गावी केली. कॅथरीन दहाव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेली आणि अठराव्या वर्षी, १९३७ साली, गणित व फ्रेंच हे विषय घेऊन पदवीधर झाली. महाविद्यालयात तिला क्लेटर नावाचे गणिताचे प्राध्यापक भेटले. शिकवायचे तेवढे सगळे अभ्यासक्रम संपल्यावर त्यांनी एकट्या कॅथरीनसाठी त्रिमितीय वैश्लेषिक भूमितीचा नवा अभ्यासक्रम तयार केला. शिक्षक वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. पुढे यानाच्या मार्गाचे जे गणित तिने केले, त्याला नेमकी हीच भूमिती लागत होती.

लँग्लीत कृष्णवर्णीय गणक स्त्रियांचा विभाग वेगळा होता. उपाहारगृहात त्यांचे टेबलही वेगळे असे आणि त्यावर तशी पाटी असे. मिरियम मान नावाच्या एका गणक बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकीत; काही दिवसांनी नवी पाटी येई, मग तीही जाई. अखेर पाट्या येणे थांबले. २०१६ साली या स्त्रियांवर 'हिडन फिगर्स' हा चित्रपट निघाला. त्यात कॅथरीनबाई स्वच्छतागृहासाठी दूरच्या इमारतीकडे धावत जाताना दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात त्या जवळच्याच स्वच्छतागृहात खुशाल जात असत. चित्रपट जरूर पाहा, पण इतिहास म्हणून पाहू नका.

तेथे आल्यावर दोन आठवड्यांतच त्यांना उड्डाण-संशोधन विभागात पाठवण्यात आले. अभियंत्यांच्या बैठकांना स्त्रिया जात नसत. कॅथरीनबाईंनी विचारले, याविरुद्ध काही कायदा आहे का? कायदा नव्हता. त्या बैठकांना जाऊ लागल्या. १९५८ साली या संस्थेची 'नासा' झाली आणि विमानांऐवजी आता माणसाला अवकाशात पाठवण्याचे प्रश्न समोर आले.

आता प्रश्न नीट पाहू या. यान वर गेले, पृथ्वीभोवती तीन फेऱ्या झाल्या आणि नंतर ते पृथ्वीवरील ठराविक जागेच्या बरोबर माथ्यावर यायला हवे आहे. तर अग्निबाणाचे ज्वलन थांबते त्या क्षणी यानाचे तोंड कोणत्या दिशेला, म्हणजे उत्तरेपासून किती अंशांवर असावे? या कोनाला दिगंश म्हणतात. पृथ्वी स्थिर असती तर गोलावरील त्रिकोण सोडवून भागले असते. पण यानाला एका फेरीला सुमारे ८८ मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्याखाली २२ अंशांनी फिरते. म्हणजे ती ठराविक जागा पुढे सरकते. किती सरकते हे यानाला लागणाऱ्या वेळावर अवलंबून. वेळ मार्गावर अवलंबून. आणि मार्ग दिगंशावर, जो आपल्याला काढायचा आहे! शिवाय पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे यानाची कक्षाही हळूहळू वळते.

असा पेच कसा सोडवतात? वर्गात मी एक सोपे उदाहरण देतो. तुमचा मित्र तुमच्यापुढे १२०० मीटरवर आहे आणि सेकंदाला १ मीटर वेगाने चालतो आहे. तुमची सायकल सेकंदाला ४ मीटर जाते. तो उभाच आहे असे धरा : १२०० ÷ ४ = ३०० सेकंद. पण तेवढ्यात तो ३०० मीटर पुढे गेला. मग १५०० ÷ ४ = ३७५ सेकंद. आता तो मूळ जागेपासून ३७५ मीटर पुढे : १५७५ ÷ ४ = ३९३.७५. पुढची पायरी सुमारे ३९८.४. उत्तर ४०० कडे सरकते आहे. येथे तुम्ही समीकरण मांडून ४०० एका ओळीत काढू शकता. यानाच्या प्रश्नात ती सोय नाही. तेथे अंदाज, दुरुस्ती, पुन्हा अंदाज हाच रस्ता. टेड स्कोपिन्स्की या अभियंत्यासह कॅथरीन जॉन्सन यांनी हे गणित मांडले. तो अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. त्या विभागाच्या अहवालावर लेखिका म्हणून स्त्रीचे नाव येण्याची ती पहिलीच वेळ.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांना तीन फेऱ्यांसाठी जायचे होते. मार्गाचे आकडे आता आय.बी.एम. ७०९० हे यंत्र देत होते. या नव्या यंत्रावर ग्लेन यांचा पुरता भरवसा नव्हता. त्या 'मुली'ने आकडे तपासावेत, ते बरोबर निघाले तर मी तयार आहे, असे त्यांनी कळवले. (ही 'मुलगी' ४३ वर्षांची होती, ग्लेन यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी.) कॅथरीनबाई टेबलावरचे गणकयंत्र घेऊन बसल्या. उड्डाणाच्या मिनिटामिनिटाला अकरा राशी, प्रत्येक राशी आठ सार्थ अंकांपर्यंत. या कामाला दीड दिवस लागला. सगळे आकडे जुळले.

इतकी अचूकता कशासाठी, असे तुम्ही विचाराल. यान सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर जात असते. वेग कमी करणारे अग्निबाण एक सेकंद उशिरा पेटले, तर उतरण्याची जागा सुमारे तेवढीच सरकते, आणि खाली समुद्र आहे. ग्लेन यांचे यान ४ तास ५५ मिनिटांनी अटलांटिकमध्ये उतरले, पण ठरलेल्या जागेच्या सुमारे ६४ किलोमीटर अलीकडे. गणिताच्या पायऱ्या चुकल्या नव्हत्या. प्रवासात यानावरील साहित्य खर्च होऊन त्याचे वस्तुमान घटले होते आणि ही घट हिशेबात धरलेली नव्हती. 'नोआ' ही युद्धनौका जवळच होती, तिने यान उचलून घेतले.

कॅथरीन जॉन्सन १९८६ साली निवृत्त झाल्या. २०१५ साली त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता वही घ्या. सायकलच्या उदाहरणात मित्राचा वेग सेकंदाला ३ मीटर करा आणि उत्तराजवळ पोहोचायला किती पायऱ्या लागतात ते मोजा. मग तोच वेग ५ मीटर करून पाहा. प्रत्येक पायरीला येणारे आकडे एकाखाली एक लिहा. ते कोठे चालले आहेत, आणि का?