घरच्यांचे फोटो काढून घ्यायचेत? आधी हिशेब मांडा

घरातल्या सगळ्यांचे चांगले फोटो हवेत, म्हणून दोन फोटोग्राफरांकडे दर विचारले असं धरा. पहिला सहा हजार सांगतो, दुसरा बारा. बहुतेक घरांत निकाल तिथेच लागतो. पण पहिल्याच्या सहा हजारांत एक तास आणि एडिट केलेले १० फोटो बसतात. पुढच्या प्रत्येक फोटोला ३०० रुपये, शिवाय प्रवासाचे किलोमीटरला १५ रुपये वेगळे. शूट गावच्या घरी, जाऊन-येऊन ८० किलोमीटर. आजी-आजोबा, दोघा भावांची कुटुंबं, मुलं, कुत्रा, शेत असं सगळं म्हटलं की २५ फोटो सहज लागतात. म्हणजे ६,००० अधिक १५ जादा फोटोंचे ४,५०० अधिक प्रवासाचे १,२००, झाले ११,७००. दुसऱ्याच्या बारा हजारांत अडीच तास, ३० फोटो आणि प्रवास धरलेला आहे. तीनशे रुपयांच्या फरकात दीड तास जास्त मिळतो, आणि ज्या घरात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं आहेत तिथे खरं काम त्या दीड तासातच होतं.

माझं स्पष्ट मत आहे की या कामात पैसे दोनच गोष्टींवर सढळ हाताने खर्चावेत: फोटोग्राफरचा निवांत वेळ आणि शेवटी हातात येणारा प्रिंट. थीमचे कपडे, रंगीत धूर, भाड्याचा सोफा, ड्रोन या सगळ्याला कात्री लावली तरी काही बिघडत नाही. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक कुठे हाती लागलं तर जरूर चाळा. एवढे मोठे चित्रतारे, पण आपली नजर चेहऱ्यावरून हलत नाही.

दर कसे असतात

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत ढोबळ मानाने हे आकडे धरून चाला. स्टुडिओत बसून कुटुंबाचा एक फोटो आणि त्याचा फ्रेम केलेला प्रिंट: दीड ते चार हजार. बाहेर किंवा घरी येऊन दीड-दोन तासांचं शूट, २० ते ३० एडिट केलेले फोटो: आठ ते पंधरा हजार. नाव झालेला फोटोग्राफर, सोबत मदतनीस: वीस हजारांच्या पुढे. मुंबईत हेच आकडे चढतात, तालुक्याच्या गावी उतरतात. गावातला लग्नाची कामं करणारा फोटोग्राफर बऱ्याचदा चार-पाच हजारांत दोन तास देतो आणि गावची माणसं त्याच्यासमोर मोकळीही होतात. पण त्याचं लग्नाचं काम बघून ठरवू नका. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा, नैसर्गिक उजेडात काढलेला फोटो दाखवा म्हणावं. तसा एकही नसेल तर दुसरीकडे बघा.

दर विचारताना ‘जीएसटी धरून की सोडून?’ हे विचाराच. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे बारा हजारांचे १४,१६० होतात. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणी सक्तीची नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. कर लावत असतील तर बिलावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे.

आता तारखेचं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की चांगले फोटोग्राफर शनिवार-रविवारी मिळत नाहीत आणि मिळाले तर लग्नाच्या भावात मिळतात. आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या मधल्या चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात. तेव्हा त्यांच्या तारखा रिकाम्या असतात, दरावर बोलता येतं आणि नेमका तेव्हाच सगळा मुलूख हिरवा असतो. श्रावण-भाद्रपदात ढगाळ आकाशातून येणारा मऊ उजेड चेहऱ्यांना फार चांगला. डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत, कपाळ चमकत नाही, डोळे मिचकावावे लागत नाहीत. कोकणातली कुटुंबं गणपतीला गावी एकत्र जमतातच. त्यातला एक सकाळचा वेळ ठरवून ठेवला तर पुन्हा सगळ्यांच्या रजा जुळवण्याचा खर्च वाचतो. धोका पावसाचा. तेव्हा पाऊस आला तर तारीख बदलायला पैसे पडणार का, हे बुकिंगच्या आधीच ठरवून घ्या. एकदा तारीख फुकट बदलून देणं वाजवी आहे.

शेती असलेल्या घरांसाठी आणखी एक सुचवतो. बैलजोडीसोबत फोटो हवा असेल तर पोळ्याचा दिवस धरा. शिंगं रंगवलेली, बाशिंग बांधलेलं, पाठीवर झूल, सगळी सजावट घरच्यांनी हाताने केलेली, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. मिरवणुकीच्या गर्दीत फोटो काढू नका. सकाळी बैल धुऊन आणल्यावर, सजवणं चालू असताना गोठ्यापाशी काढा. जो माणूस रोज बैलांना पाणी दाखवतो तो शेजारी असला की जनावर शांत उभं राहतं, आणि खरं तर फोटोही त्या दोघांचाच घ्यायला हवा.

कुत्रा, मांजर आणि वेळेचा भाव

पाळीव प्राण्यासाठी काही जण हजार-दोन हजार जादा घेतात. ते गैर नाही, कारण वेळ जातो. मात्र त्या पैशात काय मिळतं ते विचारा. रस्त्याकडेला किंवा मोकळ्या शेतात कुत्र्याचा पट्टा सोडायचा नाही. पट्टा धरूनच फोटो काढायचा आणि नंतर एडिटिंगमध्ये तो पुसायचा. हे पुसण्याचं काम दरात धरलेलं आहे की फोटोमागे वेगळं, एवढा एक प्रश्न विचारलात की समोरच्याने प्राण्यांचं काम केलंय की नाही तेही कळतं.

ज्याला हे काम येतं तो आल्या आल्या कॅमेरा काढत नाही. तो जमिनीवर बसतो, कुत्र्याला हात हुंगू देतो, बॅग हुंगू देतो, शटरचा आवाज दोन-चारदा नुसताच ऐकवतो. मग कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणतो, त्यासाठी कोपरं मातीत टेकावी लागली तरी टेकतो. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. काळं कुत्रं भर उन्हात उभं केलं की अंगाचा नुसता काळा डाग होतो. त्यालाच ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला, उजेड एका बाजूने येईल असं बसवलं की केस न् केस सुटा दिसतो आणि डोळ्यांत चमक येते. फ्लॅश थेट डोळ्यांवर मारू देऊ नका. प्राण्यांचे डोळे हिरवे-पिवळे चकाकतात आणि प्राणी बिथरतो तो वेगळाच.

तुमच्या बाजूने तयारी एवढीच: त्याला आधी फिरवून आणा, पोट गच्च भरवू नका, आवडता खाऊ खिशात ठेवा, आणि फोटोत नसलेलं घरातलं एक माणूस फक्त त्याच्यासाठी मोकळं ठेवा. मांजराला मात्र कुठेही नेऊ नका. त्याचे फोटो घरी, खिडकीपाशी. आणि कुत्रं म्हातारं झालं असेल तर बाकीच्यांच्या सोयीची वाट न बघता त्याचं शूट आधी उरकून घ्या, तासाभराचं छोटं काम म्हणून दरही कमी पडेल.

जागेचा खर्च

आपलं शेत, आपलं अंगण, आपला ओटा यांना भाडं नाही. रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रं शूटसाठी वेगळं शुल्क आकारतात, कधी कधी ते फोटोग्राफरच्या निम्म्या फीइतकं असतं. शहरातल्या काही उद्यानांतही व्यावसायिक शूटला शुल्क आणि परवानगी लागते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली फुलं तुडवून, त्यांत बसून फोटो काढणं हा मला अक्षम्य प्रकार वाटतो. फोटोग्राफर तसं सुचवत असेल तर त्याला काम देऊच नका.

ड्रोनसाठी तीन-चार हजार जादा सांगतात. कुटुंबाच्या पोर्ट्रेटमध्ये त्यातून डोक्यांपलीकडे फारसं काही मिळत नाही. तरी हवाच असेल तर नोंदणी आणि चालवण्याचा परवाना दाखवा म्हणा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या अगदी लहान ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला लागतो. विमानतळाच्या आसपास तर आणखी बंधनं आहेत.

एडिटिंग, फाइल आणि मालकी

‘एडिट केलेले’ म्हणजे काय ते नमुना बघून ठरवा. आपल्याकडे न सांगता चेहरा दोन छटांनी उजळ करून देण्याची वाईट खोड आहे. आजीच्या सुरकुत्या पुसून तिचा चेहरा मेणाचा करतात, सावळ्या मुलीला गोरी करतात. पैसे मोजून आपल्याच माणसाचा खरा चेहरा घालवायचा नसेल तर ‘रंग उजळायचा नाही, सुरकुत्या ठेवायच्या’ हे आधीच लिहून कळवा. उजेड आणि रंगांचा तोल सुधारणं, पुरळ किंवा ओरखडा काढणं, मागची विजेची तार पुसणं इथवर एडिटिंग पुरे. आजोबांच्या चष्म्याच्या काचेवर खिडकी चमकत असेल तर ती नंतर पुसत बसण्यापेक्षा जागीच चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित वर उचलायच्या. काच खाली झुकते आणि चमक जाते. जाणता फोटोग्राफर हे सहज करतो.

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे घेऊ नका, ते लहान होऊन येतात. पूर्ण आकाराच्या जेपीईजी फाइल लिंकवर किंवा पेनड्राइव्हमध्ये मागा. लिंक काही दिवसांनी बंद होते, तेव्हा मिळाल्या दिवशीच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. रॉ फाइल सहसा देत नाहीत. घरगुती वापराला त्यांची गरज नसते, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मालकीबद्दल मात्र बहुतेक ग्राहकांचा गैरसमज असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि उलट करार नसेल तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून फोटोग्राफरच्या छापील अटींवर सही करण्याआधी ‘सर्व हक्क फोटोग्राफरकडे’ असं वाक्य आहे का ते बघा. तुमच्या मुलांचे फोटो त्याच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर जाणार का, तेही ठरवा. काही जण त्या परवानगीच्या बदल्यात दर कमी करतात. मोठ्या माणसांनी स्वतःपुरतं ते मान्य करावं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण लहान मुलांच्या बाबतीत मी नकोच म्हणेन.

प्रिंट

बारा-पंधरा हजार फोटोंवर घालून प्रिंटला पैसे नाहीत म्हणणारी घरं पाहिली की वाईट वाटतं. प्रिंटचा खर्च तसा किरकोळच आहे. लॅबमध्ये ४ बाय ६ इंचाला १० ते २० रुपये, ८ बाय १२ ला १०० च्या आसपास, १२ बाय १८ ला २०० ते ४०० धरा. १२ बाय १८ ची बरी फ्रेम हजार-बाराशेत होते. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ या प्रमाणात असतो, त्यामुळे हे तिन्ही आकार न कापता बसतात. ८ बाय १० घेतलात तर लांबीतले दोन इंच जातात, आणि ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले काका नेमके त्यात जातात. १२ बाय १८ चा सुबक प्रिंट यायला फाइल निदान २,४०० बाय ३,६०० पिक्सेलची हवी.

मॅट कागद घ्या, ट्यूबलाइटखाली चमकत नाही. फ्रेममध्ये काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट घालायला सांगा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला टेकलेला प्रिंट चिकटतो आणि मग सुटत नाही. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका. जाड पानांचा मोठा अल्बम पाच ते बारा हजारांपर्यंत जातो. एका दिवसाच्या शूटसाठी तो मला महाग वाटतो. त्याऐवजी एक मोठी फ्रेम, प्रत्येक भावंडाच्या घरी एक ८ बाय १२, आणि आजीच्या हाताशी राहतील असे ४ बाय ६ चे वीस-पंचवीस प्रिंट, हे सगळं तीन-साडेतीन हजारांत होतं.

पैसे कधी द्यायचे

ॲडव्हान्स ३० ते ५० टक्के, बाकी फाइल हातात आल्यावर. शूटच्या दिवशीच पूर्ण रक्कम मागणारा फोटोग्राफर पुढे महिना-महिना फोन उचलत नाही, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. वेळ, फोटोंची संख्या, प्रवास, जीएसटी, फोटो देण्याची तारीख आणि पावसाची अट एवढं एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून पाठवा आणि त्याचा ‘हो’ घ्या. ॲडव्हान्स यूपीआयने द्या, नोंद राहते.

ठरलेल्या तारखेनंतरही फोटो मिळाले नाहीत तर आधी लेखी मुदत द्या. त्यानेही हलला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रार मराठीतही सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तो व्हॉट्सॲप संदेश, यूपीआयची नोंद आणि तुम्ही दिलेली लेखी मुदत, हे तीन कागद छापून सोबत जोडा.