आजीचा तोल आणि टीव्हीवरचा खेळ



घरातले म्हातारे माणूस पडले की आपण म्हणतो, "वय झालं, पाय घसरला." घरभेटींत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. एका आजींचे खुब्याचे हाड मोडले, ते ओल्या न्हाणीत नव्हे. हातात चहाचा कप होता, दारातून कुणी हाक मारली, म्हणून त्या वळल्या आणि पडल्या. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. भीती मात्र बसली. रात्री उठावे लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले. दिवसभर खाटेवर बसून मांड्यांतले बळ गेले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा पडल्या.

असे का होते, ते समजून घेऊ. आपण कसे उभे आहोत याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय व सांधे. मोतीबिंदूने नजर अंधूक झाली, मधुमेहाने तळपाय बधिर झाले, की ही खबर अपुरी पडते. तरीही तोल गेल्यावर पटकन एक पाऊल टाकता आले तर माणूस सावरतो. तरुणपणी ते पाऊल नकळत पडते. उतारवयात ते उशिरा पडते, आणि लक्ष दुसरीकडे असेल तर आणखी उशिरा. चहाचा कप आणि दारातली हाक, एवढे पुरते.

हेच पाऊल खेळातून शिकवता येते का, हा प्रश्न संशोधकांनी घेतला. २००७ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'वी फिट' हा खेळ आला. पायाखाली वजनकाट्यासारखी पाटी. तिच्यावर उभे राहून अंगाचा भार डावी-उजवीकडे दिला की पडद्यावरचे चित्र तसे हलते. खेळ साऱ्यांसाठी होता, पण फिजिओथेरपीवाल्यांनी तो लगेच उचलला. त्यानंतरचे एक मोठे काम ऑस्ट्रेलियातील सिडनीचे आहे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले. ६५ वर्षांवरील ७६९ जण त्यात होते. एका गटाने घरी टीव्हीसमोर चटईवर उभे राहून पावलांचे खेळ खेळायचे: पडद्यावर खूण दिसेल तिकडे पाऊल टाकायचे. दुसऱ्या गटाने बसून मेंदूला ताण देणारे खेळ खेळायचे. दोघांनाही सांगितले होते, आठवड्याला दोन तास, वर्षभर. तिसऱ्या गटाला खेळ नव्हता. उभ्याने खेळणाऱ्यांचे पडणे तिसऱ्या गटापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले. बसून खेळणाऱ्यांना तसा ठोस फायदा दिसला नाही.

आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. नातवाच्या मोबाईलवर बोट फिरवून तोल सुधारत नाही. उभे राहावे लागते, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो, आणि त्याच वेळी डोके चालवावे लागते. खेळाचा मोठा गुण म्हणजे कंटाळा येत नाही. व्यायामाचा कागद आठ दिवसांत गादीखाली जातो, हे आम्ही परिचारिका म्हणून खूप पाहिले.

यंत्र परवडत नसेल तर अडून बसू नका. तोलाचे आणि पायांच्या बळाचे साधे व्यायाम नियमित केले तरी पडणे जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये मांडले गेले आहे. घरात किंवा विहाराच्या सभागृहात फरशीवर खडूने नऊ चौकोन आखा. आजी मधल्या चौकोनात. नातीने आकडा पुकारायचा, आजींनी त्या घरात पाऊल टाकून परत यायचे. जमू लागले की नातीने आकड्याऐवजी "पाच वजा दोन" असे विचारायचे. हा आमचा घरगुती खेळ आहे, सिडनीचा नव्हे, तेव्हा तेवढाच टक्का मिळेल असे आम्ही म्हणणार नाही. उड्या मात्र नकोत. हे ठिकरीचे खेळणे नाही.

सुरू करण्याआधी एक तपासणी करा. भिंतीजवळ उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावा आणि दहा आकडे सावकाश मोजा. त्याआधीच तोल गेला तर पडण्याचा धोका आहे असे समजा. खेळ सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला दाखवा. अर्धांगवायू झालेल्यांनी किंवा नुकतेच पडलेल्यांनीही तसेच करावे. उठल्यावर चक्कर येत असेल तर रक्तदाब बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या व गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

खेळताना सपाता, नुसते मोजे नकोत. पातळ पायात येणार नाही असे खोचून घ्या. हाताशी जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकांची किंवा प्लास्टिकची हलकी नको. पहिले काही दिवस घरातल्या कुणीतरी शेजारी उभे राहायचे, मोबाईल खिशात ठेवून.