पहिला पीस

बोईसर, रविवार रात्र

चि. भाच्यास,



तुझे फोटो पाहिले. खोक्यावरचं चित्र झकास आहे, पण चित्र काढणाऱ्याने डाय बनवलेली नसते. तू विचारतोस, ‘मामा, मेंग कंपनीचा टी-९०ए रणगाडा आहे, १:३५ मापाचा, तुकडे भरपूर आहेत, चांगलाच असेल ना?’ अरे, शितावरून भाताची परीक्षा करतात, शितं मोजून नव्हे.

तारापूर एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगवर माझी तीस वर्षं गेली. आमच्या मशीनवर बादल्यांची झाकणं निघायची, तुझ्या हातात रणगाडा आला आहे, एवढाच फरक. दाणा वितळतो, साच्यात भरतो, थंड होतो आणि पिन त्याला बाहेर ढकलते. शिफ्टचा पहिला पीस पडला की तो हातात घेऊन आम्ही जे बघायचो तेच तू बघ. गोंदाची बाटली तोवर उघडू नकोस.

आधी टरेट, म्हणजे तोफेचा घुमट, घे. ट्यूबलाइटखाली धर आणि हळूहळू कलता कर. उजेडाची रेघ सरळ सरकली तर ठीक, मध्येच मोडली तर तिथे सिंक आहे. आतून जिथे जाड रिब किंवा खुंटी असते तिथलं प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि वरची कातडी आत ओढून घेतं. बोटाला कळत नाही, रंग लागला की मात्र पन्नास फुटांवरून दिसतं. ओतीव टरेट असता तर थोडंफार खपून गेलं असतं. टी-९०एचा टरेट जोडलेल्या सपाट पत्र्यांचा, तिथे लपायला जागा नाही. (अहिल्यानगरच्या टँक म्युझियममध्ये पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन आहे. त्याच्या ओतीव टरेटचा खरखरीतपणा एकदा बघून ये, म्हणजे फरक कळेल. दाजींना गळ घाल.)

मग तोफेची नळी. दोन अर्धुकांची असेल तर पार्टिंग लाइनवर नख फिरव. नख अडलं तर साच्याचे दोन भाग सरकलेत. ती पायरी घासून काढायला गेलास की गोल नळी लंबगोल होते. खरी तोफ १२५ मिलिमीटरची, म्हणजे तुझ्या नळीचं तोंड साधारण ३.५७ मिलिमीटर हवं. व्हर्नियर लाव. अंगाची रुंदीही मोज: खऱ्या गाडीची ३.७८ मीटर धरतात, ३५ ने भागलं की १०८ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडू नकोस. पॉलिस्टायरीन थंड होताना तेवढं आकसतंच. डायवाल्याने ते धरलेलं असतं, पण कधी चुकतं.

इजेक्टर पिनचे गोल ठसे दिसतील. ते वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय पीस सुटतच नाही. कुठे ठेवलेत ते महत्त्वाचं. पोटात असतील तर सोडून दे. उघड्या ठेवायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतील तर डाय करणाऱ्याने जोडणाऱ्याचा विचार केला नाही, एवढं समज.

ट्रॅकबद्दल एक गोष्ट सांगतो. फार वर्षांपूर्वी मी एक टी-७२ जोडला होता, कंपनीचं नाव नको. ट्रॅक मऊ विनाइलचे, चाकं पॉलिस्टायरीनची, आणि चाकांना रंग द्यायचा मी आळस केला. दोन पावसाळ्यांनी पोटमाळ्यावरून काढला तर ट्रॅकखालची चाकं चिकट होऊन खाल्ली गेलेली. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घालतात ते पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं. आयुष्यभर प्लास्टिकमध्ये काम करून मला हे सुचू नये! तुझ्या किटमध्ये कडी-कडीचे ट्रॅक आहेत, ती कटकट नाही. फक्त वरच्या तीन छोट्या रोलरांवर ते जरा लोंबू देत. ताणलेले ट्रॅक खेळण्याचे वाटतात.

आता तुला आवडणार नाही असं. तुला भीष्म, म्हणजे आपल्या सैन्याचा टी-९०, करायचा आहे ना? हा रशियाचा टी-९०ए आहे. तोफेच्या दोन्ही बाजूंना ते लाल डोळे आहेत ना, ते आपल्या भीष्मावर नसतात, तिथे कवचाच्या विटा असतात. २६ जानेवारीच्या संचलनाचे फोटो समोर ठेव. (संचलनातली गाडी धुऊनपुसून आणलेली असते, धुळीसाठी तिच्यावर विसंबू नकोस.) किट चांगलं आहे, पण तुझ्या कामाचं व्हायला प्लास्टिकच्या पट्ट्या कापाव्या लागतील. ते जमत नसेल तर रशियाचाच कर, लाज नाही. लाल डोळे ठेवून भीष्म म्हणू नकोस, बस्स.

रंग पाऊस थांबल्यावर. पालघरच्या दमट हवेत प्राइमर पांढरा पडतो.

येत्या रविवारी डहाणू लोकलने बोईसरला उतर. टरेट आणि चाकांची फ्रेम तेवढी डब्यात कापूस घालून आण, गर्दीत पिशवी छातीशी धर. माझ्या डिजिटल व्हर्नियरचा सेल संपलाय, येताना स्टेशनबाहेरून एक घेऊन ये.

तुझा,
मामा