कुत्र्याला चघळायला काय द्यावं आणि महिन्याला किती खर्च येतो?

पेट शॉपमध्ये गेलात आणि दुकानदाराने "हे घ्या, पंधरा दिवस टिकेल" म्हणत एखादा च्यू पुढे केला, तर पैसे काढण्याआधी अंगठ्याचं नख त्यावर जोरात दाबा. खूण उमटली तर पुढचा विचार करा. अजिबात उमटली नाही तर तो च्यू कुत्र्याच्या दातापेक्षा कडक असण्याची शक्यता आहे. जी वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर आपटून घ्यायला तुम्ही तयार होणार नाही, ती कुत्र्याच्या दाढेखालीही देऊ नका. पशुवैद्यक हीच कसोटी सांगतात. तिला खर्च शून्य, वेळ दहा सेकंद.

च्यूच्या बाजारात 'टिकाऊ' आणि 'सुरक्षित' हे दोन शब्द एकाच पाकिटावर छापलेले असतात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांच्या विरोधात जातात. च्यू जितका जास्त टिकतो तितका तो कडक, आणि जितका कडक तितका दाताला धोकादायक. कुत्रा कडक वस्तू समोरच्या दातांनी फोडत नाही, बाजूच्या वरच्या मोठ्या दाढेखाली धरून फोडतो. म्हणून तीच दाढ उभी चिरते. सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही. कुत्रा एकाच बाजूने खायला लागतो, आणि काही आठवड्यांनी डोळ्याखाली सूज येते. तोवर दाढेच्या मुळाशी पू झालेला असतो.

मग बिल येतं. दाढ काढायची तर पूर्ण भूल लागते, त्याआधी रक्ततपासणी आणि एक्स-रे. मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात हे सगळं मिळून साधारण ८ ते २० हजार रुपयांच्या घरात जातं. च्यूचा तुकडा आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागली तर २५ ते ६० हजार, कधी त्याहून जास्त. फोनवर तुम्हाला सांगतात तो आकडा बहुतेक वेळा फक्त शस्त्रक्रियेचा असतो. भूल, सलाइन, दाखल ठेवण्याचं दिवसाचं भाडं, रात्रीच्या तपासणीची वाढीव फी आणि टाके काढण्याची फेरी हे वेगळं लागतं. त्यामुळे कुत्र्याला टेबलावर घेण्याआधी सगळ्या खर्चाचा अंदाज लेखी मागा. यात संकोच करू नका, चांगले दवाखाने तो देतात.

आता एकेक प्रकार.

रॉहाइड म्हणजे गाठ मारलेलं पांढरं किंवा तपकिरी 'हाड'. सगळ्यात स्वस्त, शंभर-दोनशे रुपयांत पाकीट. ते हाड नसतं, जनावराच्या कातड्याचा आतला थर असतो, चामड्याच्या धंद्यातलं उपउत्पादन. लाळेने ते लिबलिबीत होतं, कुत्रा लांबच्या लांब पट्टी गिळतो आणि ती पोटात फुगते. घेऊ नका. दुकानात ते 'नॉटेड बोन', 'प्रेस्ड बोन', 'मंची स्टिक' अशा नावांनी विकलं जातं. पाकिटावर समोर काहीही लिहिलेलं असो, मागे घटकांच्या यादीत 'हाइड' हा शब्द शोधा. 'कोलेजन' एवढंच लिहिलेलं असेल तर ते कशापासून काढलं हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पाकीट परत ठेवा.

याक च्यू म्हणजे आपल्याकडे 'हिमालयन चीज' म्हणून मिळणारी छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग भागात याक किंवा गाईच्या दुधापासून करतात आणि महिनोन्महिने वाळवतात. पचायला चांगली, वास कमी, शाकाहारी घरात चालते. दर १०० ग्रॅमला साधारण ४०० ते ७०० रुपये. मात्र नखाच्या कसोटीत ही नापास होते, आणि ते पाकिटावर कुणी लिहीत नाही. तुमचा कुत्रा कुरतडत बसणारा असेल तर चालेल. लॅब्रडॉर, रॉटवायलर किंवा कडाकडा फोडणारा कुठलाही कुत्रा असेल तर नको. द्यायचीच तर आधी कोमट पाण्यात भिजवा, वरचा थर मऊ पडतो.

तिचा खरा खर्च असा मोजा. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असं पशुवैद्यक सांगतात. घरात राहणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात, म्हणजे खाऊला ६०. छुर्पीत ग्रॅममागे तीनपेक्षा थोड्या जास्त कॅलरी असतात. म्हणजे एका दिवसात २० ग्रॅमच्या आतच. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर च्यू देण्याआधी आणि नंतर ठेवून बघा, किती संपला ते लगेच कळेल. आठवड्यातून दोनदा दिला तर महिन्याला १७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ७०० ते १,२०० रुपये. तीस किलोच्या कुत्र्याला याच्या दुप्पट धरा.

म्हशीचे वाळवलेले कान, श्वासनलिका, बकऱ्याचे कान आणि पाय हे सगळं तुकड्यावर मिळतं, साधारण ६० ते २०० रुपये. कान आणि श्वासनलिका कुरकुरीत असतात, दाताला बरे. पाय आणि खूर कडक असतात, ते टाळा. इथे धोका जंतूंचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे साल्मोनेला पसरून शंभराहून अधिक माणसं आजारी पडली होती. आजारी पडली ती माणसं, हे लक्षात घ्या. बरणीतून सुटे काढून देतात ते घेऊ नका, बंद पाकीटच घ्या. देऊन झाल्यावर हात साबणाने धुवा. घरात रांगणारं बाळ असेल तर हा प्रकार आणूच नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडलेल्या पाकिटाला चार-पाच दिवसांत बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि ठिपका दिसला की अख्खं पाकीट फेका. तेवढाच भाग खरवडून उरलेलं देऊ नका.

हरणाचं शिंग 'अँटलर' नावाने विकायला दिसलं तर दोन कारणांनी नको. एक, ते दगडासारखं कडक असतं. दोन, चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार, अगदी गळून पडलेल्या शिंगांचासुद्धा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. "जंगलात पडलेलं मिळालं" म्हणून विकणाऱ्याकडून घेतलंत तर तुम्हीही अडचणीत याल.

कॉफीच्या झाडाची लाकडी कांडी २५० ते ६०० रुपयांना मिळते. सालपटं न निघता तिचा चोथा होतो, म्हणून बरी. तरी टोक कुंचल्यासारखं पिंजारलं की धागे कापून टाका. नारळाची शेंडी फुकट मिळते म्हणून अनेक घरांत देतात. पण तिचे तंतू पोटात जाऊन गुंता होतो. देऊ नका.

दात साफ करणाऱ्या कांड्या, म्हणजे डेंटल स्टिक. भारतात बनलेल्या साधारण २० ते ४० रुपयांना एक, बाहेरून आलेल्या याच्या तिप्पट-चौपट. त्या रोज द्यायच्या असतात हे विसरू नका, म्हणजे महिन्याला ६०० ते १,२०० रुपये. पाकिटावर अमेरिकेतल्या व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का आहे का बघा. तो असेल तर दातावरचा थर किंवा कीटण कमी होत असल्याचा पुरावा त्या उत्पादकाने दिलेला असतो. नसेल तर ते बिस्किट समजून द्या. कुत्रा कांडी दोन घासांत गिळत असेल तर दात साफ होत नाहीत, फक्त पैसे जातात. त्यापेक्षा कुत्र्यांची टूथपेस्ट आणि ब्रश घ्या. अडीचशे-चारशे रुपयांची ट्यूब दोन-तीन महिने पुरते. माणसांची पेस्ट वापरू नका.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च जाड रबराच्या पोकळ खेळण्यावर करा. किंमत ७०० ते २,००० रुपये, एकदाच. कुत्र्याच्या वजनानुसार आकार घ्या आणि शंका असेल तर एक माप मोठा. खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोक असलंच पाहिजे, एकाच बाजूने उघडं असेल तर आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. आत बिनमिठाचा दहीभात, उकडलेला लाल भोपळा, कुस्करलेलं रताळं किंवा उकडलेलं चिकन भरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं अन्न चाटून काढायला कुत्र्याला वेळ लागतो आणि दाढेवर जोर येत नाही. कडक वस्तू न देता वेळ टिकवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आत जाऊ देऊ नका. शेंगदाण्याचं बटर भरणार असाल तर घटकांत 'झायलिटॉल' किंवा ९६७ हा आकडा नाही ना, ते तपासा. गोडी आणणारा हा पदार्थ कुत्र्याला थोड्या प्रमाणातही विषारी ठरतो. रबराचे तुकडे निघायला लागले की खेळणं बदला. गोठवलेलं अख्खं गाजरही चांगलं. दर दहा-वीस रुपये, कॅलरी नगण्य. पिल्लांचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात बदलतात, तेव्हा तर हेच द्या, आणि कडक च्यू सातव्या महिन्याआधी कुठलाच नको.

उरला रविवारच्या मटणाच्या नळीचा प्रश्न. शिजलेलं हाड, मग ते कोंबडीचं असो वा बकऱ्याचं, ठिसूळ होतं आणि त्याच्या सुया निघतात. त्या घशात, आतड्यात, गुदद्वारात रुततात. "आमच्या आधीच्या कुत्र्याने आयुष्यभर खाल्लं" हे उत्तर पशुवैद्यक दर सोमवारी ऐकतात. खाटकाकडून आणलेली कच्ची नळीही नको, ती दाढ फोडते.

आता पाकीट वाचा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, वर काही मागितलं तर देऊ नका. 'युनिट सेल प्राइस', म्हणजे ग्रॅममागची किंमत, पाकिटावर छापलेली असते, तुलना तिनेच करा. 'चार नग' किंवा 'जम्बो पॅक' यावरून काही कळत नाही. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश हवा. ऑनलाइन मोठी सूट दिसली तर आधी मुदत संपण्याची तारीख विचारा. डिलिव्हरी, हाताळणी आणि किमान ऑर्डर यांचे पैसे धरून पुन्हा हिशोब करा, बऱ्याचदा कोपऱ्यावरचं दुकान स्वस्त पडतं. 'सबस्क्राइब' करून दर महिन्याला मागवण्याच्या योजनेत पहिल्यांदाच शिरू नका. एक नग आणा, कुत्र्याला मानवतो का बघा. उघडलेलं पाकीट सहसा परत घेत नाहीत. 'ह्यूमन ग्रेड' हे शब्द वाचून जास्त पैसे मोजू नका.

च्यू देताना तुम्ही समोर बसा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत, मग काढून घ्या. काढून घेताना बदल्यात दुसरा खाऊ द्या, नाहीतर कुत्रा घाईने गिळतो. उरलेला तुकडा अख्खा तोंडात मावेल इतका झाला की फेका, दोनशे रुपयांचा असला तरी. सगळ्यात जास्त अडकतो तो हाच शेवटचा तुकडा. छुर्पीचा असेल तर एक पळवाट आहे: पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवा, तो फुगून कुरकुरीत होतो. पूर्ण गार झाल्यावरच द्या, आतून बराच वेळ गरम राहतो.

वारंवार उलट्या, खाणं बंद, शी न होणं, पोट ताणलेलं, लाळ गळणं किंवा पंजाने तोंड घासणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने जीव जाऊ शकतो. बरोबर लसीकरणाचं पुस्तक, च्यूचं पाकीट आणि उरलेला तुकडा न्या. किती वाजता, किती खाल्लं ते कागदावर लिहून घ्या. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, जिल्ह्यांत शासनाची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत. तिथली फी बरीच कमी असते, पण रांग लागते, आणि रात्री कोण असतं हे आधीच फोन करून विचारून ठेवा. नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवा.

माल खराब निघाला, मुदत संपलेला मिळाला किंवा एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पावती, पाकिटाचा बॅच नंबर दिसणारा फोटो आणि कुत्रा आजारी पडला असेल तर डॉक्टरांची लेखी नोंद एवढं हाताशी हवं. त्यासाठी च्यू संपेपर्यंत पाकीट फेकू नका.

आणि जेवणानंतरची हाडं गेटबाहेरच्या भटक्या कुत्र्यांनाही घालू नका. ती बांधून ओल्या कचऱ्यात टाका. द्यायचंच असेल तर बिनमिठाचा भात आणि हाडं काढलेलं मटण द्या.