मळलेली वाट आणि नवी वाट

हा धडा तुम्ही आपला आपण वाचीत आहात. काही महिन्यांपूर्वी हीच अक्षरे तुम्हाला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. डोळे तर तेच आहेत. मग बदलले काय? तुमचा मेंदू बदलला.

ही थाप नव्हे. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत शास्त्रज्ञांनी हे पाहिले. तिशीच्या आसपासची निरक्षर माणसे, त्यांत बहुतेक बायकाच, सहा महिने हिंदी वाचायला शिकली. शिकण्याआधी व शिकल्यावर यंत्राने त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. मेंदूच्या खोल भागांच्या कामातही फरक पडलेला दिसला. २०१७ साली हे छापून आले.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते. जो निरोप वरचेवर जातो, त्याची वाट पक्की होते. गवतातून माणूस एकदा गेला तर खूणही राहत नाही. रोज गेला तर पायवाट मळते. जाणे सोडले की पुन्हा गवत माजते.

मतांचेही तसेच. एकच मत वीस वर्षे घोकले की मन त्याच वाटेने धावते. त्यात कोणी उलट बोलले की राग येतो. अमेरिकेत ४० माणसांवर याचा प्रयोग झाला. तो २०१६ साली छापून आला. विजेचा दिवा एडिसनने शोधला, अशा साध्या समजुतीला विरोध केला तर लोक थोडे नरमत. राजकारणातल्या पक्क्या मताला विरोध केला तर फारसे हलत नसत. जे कमी हलले, त्यांच्या मेंदूतला भीतीच्या वेळी जागा होणारा भाग जास्त जागा झालेला दिसला.

आमचेच सांगतो. २००६ सालची गोष्ट. छडीवाचून शाळा चालत नाही, असे आमचे ठाम मत. आमच्या शाळेतल्या एक बाई छडी घेत नसत. आम्ही त्यांना हसत असू. एकदा चौथीतला एक मुलगा आठ दिवस आला नाही. त्याचे वडील आले नि म्हणाले, "गुरुजी, पोरगं गणिताला भीत नाही. तुम्हाला भितंय."

आमचे कान तापले. उत्तर जिभेवर तयारच होते. पण बाईंची एक सवय आम्ही पाहिली होती. समोरच्याचे म्हणणे त्या आधी आपल्या तोंडाने बोलून दाखवीत. आम्ही म्हणालो, "म्हणजे तुमचं म्हणणं, माझ्या धाकानं पोरगं घरी बसतं?"

"व्हय गुरुजी. तेच."

तेच शब्द आपल्याच तोंडून ऐकले, नि आमचे उत्तर जिभेवरच राहिले.

मुलगा परत आला. पण आमचा हात पुढे वर्षभर कपाटामागच्या कोपऱ्याकडे जात होता. छडी आम्ही केव्हाच चुलीत घातली होती! नवी वाट एका दिवसात मळत नाही. १ एप्रिल २०१० पासून तर मुलांना मारण्यास कायद्यानेच बंदी झाली. पण कायदा हातातली छडी काढतो, डोक्यातली नाही.

ऐकून घेणे म्हणजे कबूल होणे नव्हे. घरचा अभ्यास नकोच, असे ते गृहस्थ म्हणत. ते आम्हाला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. पण आम्ही पुरते ऐकले.

आज वर्गात जोड्या करा. ज्याचे मत आपल्याहून वेगळे, त्याच्याशेजारी बसा. आरंभी धर्म नको, निवडणूकही नको. ऊस लावावा की ज्वारी, एवढे पुरे. एकाने बोलावे. दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये. मग त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. पहिला "हो, हेच" म्हणाला तरच आपले बोलणे सुरू करावे. "नाही, तसं नव्हं" म्हणाला, तर पुन्हा ऐकावे. आठवडाभर रोज एकदा करा.