आमच्या घरातील पावले

आपण सर्वजण चालतो. पण सर्वांची चाल सारखी नसते. हे मला यंदा समजले.

माझी आत्या दौंड तालुक्यात वरवंडला राहते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी तिथे मुक्कामाला असते. दुसऱ्या दिवशी ती पाटसकडे निघते. आमची आजी दर वर्षी शिरूरहून आत्याकडे जायची आणि पाटसपर्यंत पालखीबरोबर चालायची. यंदा मीही गेलो. आजी सारखी मागे राहू लागली. मी "चल की गं लवकर" म्हणून तिचा हात ओढला. ती ठेचकाळली, पडता पडता वाचली. आम्ही अर्ध्यातूनच माघारी आलो. आजी काही बोलली नाही. मला लई वाईट वाटले.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "घरातल्यांची पावले बघ." मग मी अंगणात चाळलेली राख पसरली, सर्वांना अनवाणी चालायला लावले आणि माझ्या वितीने अंतर मोजले.

१) बहीण (वय सव्वा वर्ष) : पाय फाकलेले. अख्खा तळवा उमटला. एक पाऊल दीड वीत.
२) मी (वय १०) : तळव्याची आतली बाजू उमटली नाही. पाऊल साडेतीन वीत.
३) वडील : आधी टाच, मग चवडा. पाऊल पाच वीत.
४) आजी : पाय घासल्याची रेघ, बाजूला काठीचा ठिपका. पाऊल अडीच वीत.

गुरुजींनी कारणे सांगितली. एका पावलात २६ हाडे असतात. बाळाच्या तळव्याखाली चरबी असते, म्हणून तळवा सपाट दिसतो. पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत कमान दिसू लागते. तोल सांभाळायला बाळ पाय फाकून चालते. मोठ्या माणसाचे वजन आधी टाचेवर पडते, मग बाहेरच्या कडेने चवड्यावर व शेवटी अंगठ्यावर जाते. म्हातारपणी स्नायूंची ताकद कमी होते. तळव्याची गादी पातळ झाली की बारीक खडाही टोचतो. तोल जाऊ नये म्हणून पावले लहान पडतात आणि दोन्ही पाय जास्त वेळ जमिनीवर राहतात.

म्हणजे आजी मुद्दाम हळू चालत नव्हती. ती पडू नये म्हणून जपून चालत होती. आणि मीच तिला ओढले.

आता मी रोज अंगणातले खडे वेचतो. आजी देवळात निघाली की मी तिच्या अडीच वितींनी चालतो. मित्रांनो, तुम्हीही घरातली पावले मोजून बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी