कुकीची मुदत

संकेतस्थळ आपल्याला पुन्हा ओळखते, ते ‘कुकी’ नावाच्या लहानशा नोंदीमुळे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती योजली. मुदत न दिलेली कुकी ब्राउझर बंद होताच सहसा नाहीशी होते. मुदत दिलेली मात्र संगणकातच राहते. ही मुदत ‘मॅक्स-एज’मध्ये सेकंदांत लिहितात : ३६०० म्हणजे एक तास, शून्य म्हणजे तत्काळ बाद. क्रोमने २०२२ पासून तिला ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली. सामाईक संगणकावर मात्र दहा मिनिटेही पुष्कळ झाली! नुसती खिडकी मिटून उठलेल्या माणसाचे खाते पुढच्यासमोर उघडे राहू शकते. शिवाय कुकीची नक्कल कोणाच्या हाती लागली असेल, तर संगणकातील कुकी पुसून भागत नाही. सर्व्हरवरील नोंदही त्याच वेळी रद्द करावी लागते.